बोया दर उन्हाळ्यात आजारी पडतो

शनी मी पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिला तो कड्यांशिवाय. १९९५ सालचा ऑक्टोबर होता. २४ तारखेच्या खग्रास सूर्यग्रहणामुळे देशभर आकाशाचं वेड पसरलं होतं. सोलापुरात सूर्य पूर्ण झाकला जाणार नव्हता, पण वेड तिथेही होतंच. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांनी कुठून तरी एक दुर्बीण पैदा करून गच्चीवर लावली. मी पाऊण तास रांगेत उभी. नंबर आला, डोळा लावला, तर आत एक फिकट पिवळा गोळा. नुसता गोळा.

“सर, कडी कुठायत?”

“यंदा नाहीत,” सर म्हणाले, आणि मागच्या मुलीने मला खांद्याने बाजूला सारलं.

मला वाटलं, सरांनी दुर्बीण स्वस्तातली आणली. खरं कारण मला बऱ्याच वर्षांनी नीट कळलं. शनी कललेल्या अवस्थेत सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे दर चौदा-पंधरा वर्षांनी त्याची कडी आपल्याला बरोबर धारेवर दिसतात, म्हणजे दिसेनाशी होतात. १९९५-९६मध्ये तसं झालं, मग २००९मध्ये, आणि मग २०२५च्या मार्चमध्ये. ही कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २ लाख ८० हजार किलोमीटर पसरलेली आहेत आणि त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर, म्हणजे तीनमजली इमारतीएवढी. वहीच्या कागदाच्या जाडीची कडी करायची ठरवली, तर तो कागद पावणेतीन किलोमीटर रुंद लागेल. एवढी पातळ गोष्ट धारेवर धरल्यावर दिसायची कशी?

समुद्र तर मी त्या गच्चीवरच्या रात्रीपर्यंत पाहिलाच नव्हता. तो पाहिला आणखी तीन वर्षांनी, कॉलेजच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. पाय भिजवले, भेळ खाल्ली आणि बसमध्ये येऊन बसले. शनीची कडी आणि समुद्र, या दोन गोष्टींवर पुढे आपली रोजीरोटी चालणार आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी भेळेचा कागद त्याच्या अंगावर फेकला असता.

नऊ-दहा वर्षं मी कड्यांवर काम केलं आणि आता त्याहून जास्त वर्षं समुद्रातल्या उष्णतेच्या लाटांवर करते आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कशी गेलीस, असं लोक विचारतात. खरं उत्तर फार साधं आहे. अमेरिकेतलं माझं संशोधन संपत आलं, आईचे गुडघे गेले, आणि पुण्यात ज्या एका जागेची जाहिरात निघाली ती समुद्राची होती. मुलाखतीत मी सांगितलं की मला समुद्रातलं काही कळत नाही, पण आकड्यांच्या लांबच लांब ओळीत कुठे काही बिघडलंय ते मला ओळखता येतं. त्यांनी मला घेतलं. दोन्हीकडे काम एकच आहे, हे मी तेव्हा नोकरीसाठी म्हटलं होतं. ते किती खरं आहे, हे पुढे स्वतःच्या चुकीतून समजलं.

कड्यांकडे मला वळवलं ते कावळूरने. एमएस्सीच्या उन्हाळी प्रकल्पासाठी मी तमिळनाडूतल्या त्या वेधशाळेत राहिले होते. जव्वादी टेकड्या, चंदनाची झाडं, आणि १९७२ सालापासून उभी असलेली एक मीटर व्यासाची दुर्बीण. तिथे १० मार्च १९७७च्या रात्रीची गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवतात. त्या रात्री युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ग्रह आड आला की तारा विझतो, बाजूला झाला की पुन्हा दिसतो. तो नेमका कसा विझतो यावरून ग्रहाच्या वातावरणाबद्दल बरंच समजतं. अशा आड येण्याला पिधान म्हणतात. त्यासाठी ताऱ्याचा उजेड सतत मोजत राहायचा असतो.

कावळूरला भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी मोजत होते. ग्रह जवळ येण्याच्या आधीच ताऱ्याचा उजेड काही सेकंद घटला आणि पूर्ववत झाला. त्याच रात्री तिकडे हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर, पर्थहून उडालेल्या एका मालवाहू विमानात ९१ सेंटिमीटरची दुर्बीण बसवून जेम्स इलियट आणि त्यांचे सहकारी हेच करत होते. त्यांनी यंत्र वेळेच्या बरंच आधी चालू ठेवलं होतं. त्यांच्या नोंदीत ग्रहाच्या आधी पाच खाचा पडल्या, आणि ग्रह ओलांडल्यावर दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच अंतरांवर, पुन्हा पाच. दोन्ही बाजूंना सारखी खाच म्हणजे चंद्र नव्हे, कडं. युरेनसला कडी आहेत हे असं कळलं. कावळूरच्या जोडीला एकच खाच मिळाली होती. त्यांना ती युरेनसचा नवा चंद्र वाटली आणि त्यांनी ‘नेचर’मध्ये तसं छापलं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण शेवटी हळहळतात: थोडक्यात हुकलं. मला तसं कधीच वाटलं नाही. त्यांनी ती खाच फेकून दिली नाही, हे मला मोठं वाटतं. काही सेकंद उजेड कमी झाला तर त्याची कारणं शंभर असतात. ढगाचा पातळ पदर, दुर्बीण हलली, विजेचा दाब पडला. पहाटे जागरणाने डोळे चुरचुरत असताना ‘यंत्राचा दोष’ असं लिहून मोकळं होणं किती सोपं आहे, हे ज्याने अशा रात्री काढल्या आहेत त्यालाच ठाऊक.

नंतर मी अमेरिकेत गेले आणि पुढच्याच वर्षी, १ जुलै २००४ला, कॅसिनी यान शनीपाशी पोचलं. तंत्र तेच, फक्त आता ग्रह नव्हे, कडी ताऱ्यासमोर येत होती आणि मोजणारं यंत्र शनीच्या दारातच होतं. तारा कड्यांमागून सरकायचा आणि त्याचा उजेड लुकलुकत राहायचा. कडं दाट असेल तिथे कमी, विरळ असेल तिथे जास्त. त्या एका ओळीत कड्यांचा अख्खा नकाशा असायचा, काही ठिकाणी शंभर-दोनशे मीटरपर्यंत बारीक. २००९मध्ये कडी पुन्हा धारेवर आली, सूर्य त्यांच्या पातळीत आला आणि कॅसिनीच्या छायाचित्रांत लांबच लांब सावल्या पडल्या. तेव्हा दिसलं की ‘बी’ नावाच्या कड्याच्या बाहेरच्या काठावर अडीच किलोमीटर उंचीचे ढीग उभे आहेत. दहा मीटर जाडीच्या चटईवर अडीच किलोमीटरचे सुळके! सोलापूरच्या गच्चीवर मला जी धार दिसली नव्हती, तिचे फोटो मी त्या आठवड्यात रात्रीचं जेवण विसरून बघत बसले होते.

माझं स्वतःचं काम मात्र एवढं देखणं नव्हतं. ‘सी’ नावाचं आतलं, फिकट कडं, आणि त्यातल्या बारीक लाटा. कड्यांतल्या बऱ्याच लाटा चंद्रांमुळे उठतात. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी बोट लावलं तर नुसत्या बोटाने तो छताला भिडतो. ज्या कणाची फेरी एखाद्या चंद्राच्या फेरीशी असा ताल धरते, त्याला दर वेळी त्याच जागी तीच ओढ लागते, ती साचत जाते आणि तिथून सर्पिल लाट निघते. पण ‘सी’ कड्यातल्या काही लाटांना चंद्रच सापडेना. त्यांचं कारण शनीच्या पोटात निघालं. ग्रह आतून घंटेसारखा कंप पावतो, त्याने त्याचं गुरुत्वाकर्षण किंचित कमीजास्त होतं, आणि ते कड्यावर उमटतं. असं होईल हे मार्क मार्ली यांनी कॅसिनीच्या बरंच आधी मांडलं होतं. २०१३मध्ये हेडमन आणि निकोल्सन यांनी त्या लाटा ओळखून दाखवल्या. पुढे २०१९मध्ये याच लाटांवरून शनीचा दिवस केवढा ते निघालं: १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंद. ढगांनी झाकलेल्या, उभं राहायला जमीनही नसलेल्या ग्रहाचा दिवस त्याच्या कड्यांवरून मोजला गेला. यात माझा वाटा काय? सफाई. वैश्विक किरण यंत्रावर आदळले की नोंदीत टोचे पडतात. ते ओळखून काढायचे. इतरांनी त्या ओळीत लाटा शोधल्या. माझ्यासारख्यांनी ती ओळ झाडून दिली.

आमच्या गटात या झाडण्याला एक शिस्त होती. काढलेला प्रत्येक बिंदू वहीत लिहायचा: कुठला, कधी, का काढला. पंचवीस हजार बिंदूंतले चाळीस काढले तर चाळीस ओळी. कंटाळा यायचा. माझ्याकडे अशा तीन वह्या आहेत. भारतात परतताना मी हिवाळी कोट टाकला, वह्या आणल्या, आणि पुण्यात आल्यावर माळ्यावर ठेवून दिल्या.

समुद्राचं तापमान मोजणं शनीइतकंच अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. पूर्वी जहाजावरून बादली सोडून पाणी वर घेत आणि त्यात तापमापक बुडवत. कॅनव्हासची बादली वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी गार व्हायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बरीच मोजणी इंजिनाला थंड करायला आत घेतलेल्या पाण्यावर होऊ लागली, ते थोडं गरम. त्यामुळे १९४०च्या दशकात समुद्र एकदम तापल्यासारखा दिसतो, आणि त्या बादल्यांचा हिशेब लोक अजून लावत आहेत. आता उपग्रह आहेत. अवरक्त किरणांनी मोजणारा उपग्रह समुद्राची फक्त साय बघतो, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. शिवाय त्याला ढगांतून दिसत नाही, म्हणजे पावसाळाभर अरबी समुद्र त्याच्यापासून लपलेलाच. सूक्ष्मलहरींना ढगांतून दिसतं, पण किनारा जवळ आला की जमिनीचा गोंधळ मिसळतो. वारा पडलेल्या दुपारी वरचा पातळ थर दोन-तीन अंशांनी तापतो आणि रात्री निवतो. ती लाट नव्हे, नुसतं ऊन. या सगळ्याची गोळाबेरीज करून रोजचा नकाशा बनतो. आमचा जो मुख्य आधार आहे, तो नकाशा सप्टेंबर १९८१पासून रोजचा उपलब्ध आहे.

उष्णतेची लाट कशाला म्हणायचं हेही ठरवावं लागलं. २०१६ साली हॉबडे आणि सहकाऱ्यांनी मांडलेली व्याख्या आता सगळे वापरतात. त्या जागी, वर्षाच्या त्या दिवसांत, तीस वर्षांच्या नोंदींपैकी नव्वद टक्के ज्या पातळीच्या खाली राहिल्या, तिच्या वर पाणी सलग पाच दिवस राहिलं तर ती लाट. मधे एक-दोन दिवसांचा खंड पडला तर तो धरत नाहीत. शब्द त्याआधीचा. २०११च्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पाणी काही ठिकाणी नेहमीपेक्षा पाच अंशांपर्यंत वर गेलं, कालबरीजवळच्या ॲबलोनी या समुद्री गोगलगायी मेल्या, समुद्रशेवाळाच्या वनांचा उत्तरेकडचा शंभर किलोमीटरचा पट्टा गेला. त्यानंतर ‘मरीन हीट वेव्ह’ हे नाव रुळलं. युरेनसची कडी ज्या विमानातून सापडली, ते जिथून उडालं होतं, तोच हा किनारा. योगायोगच, पण माझ्या आयुष्याचे दोन तुकडे नकाशावर एका जागी येतात ती ही एकच जागा, म्हणून सांगितलं.

आता माझी चूक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी समुद्रात नांगरलेल्या बोयांच्या नोंदी तपासायला एक प्रोग्रॅम लिहिला. बोये बिघडतात: बॅटरी संपते, शेवाळ चढतं, कधी कुणी होडी बांधतं, कधी कुणी यंत्रच उचकटून नेतं. म्हणून वेडेवाकडे आकडे आपोआप बाजूला काढायचे होते. मी नियम घातला: त्या महिन्याच्या जुन्या सरासरीपासून तीन प्रमाण-विचलनांपलीकडचा आकडा असेल तर त्यावर ४ नंबरचा शिक्का, म्हणजे ‘खराब’. कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा नियम सापडेल. प्रोग्रॅम चालला, आलेख गुळगुळीत आले, दोन परिषदांत मी ते दाखवले. वही ठेवली नाही. लाखो बिंदू होते, वही कोण लिहिणार?

वर्षभराने नांदेडची एक मुलगी पीएचडीला आली. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं, “मॅडम, हा बोया दर उन्हाळ्यात आजारी कसा पडतो?”

तिने आलेख पुढे ठेवला. खरंच, एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत नोंदीत भोकं. मी म्हटलं, तेव्हा मासेमारी जोरात असते, कुणीतरी छेडछाड करत असेल. ती “हो मॅडम” म्हणून गेली. दोन दिवसांनी परत आली ती मूळ, न झाडलेले आकडे घेऊन. बोया ठणठणीत होता. त्या दिवसांत पाणी इतकं तापलं होतं की माझ्या प्रोग्रॅमचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

उष्ण कटिबंधातल्या समुद्राचं तापमान मुळातच फार हलत नाही. प्रमाण-विचलन अर्धा अंश असेल तर तीन विचलनं म्हणजे दीड अंश. आजच्या समुद्रात दीड अंश ओलांडायला फारसं काही लागत नाही. लाटेच्या शिखराचे दिवस माझा नियम कापत होता. मधला तुकडा गेला की दोन बाजूंना तीन-चार दिवसांची शेपटं उरायची. पाच दिवस भरत नाहीत, म्हणून ती लाट मोजणीतही नाही. जी लाट जितकी मोठी, ती माझ्या यादीतून तितक्या खात्रीने गायब. मी उष्णतेच्या लाटांवर काम करत होते आणि त्या पुसायचं यंत्र चालवत होते. त्या रात्री मी माळ्यावरच्या वह्या खाली काढल्या. सगळं पुन्हा करायला तीन महिने लागले, आणि दोन्ही परिषदांच्या आयोजकांना पत्र लिहिणं त्याहून जड गेलं. शोधनिबंधात त्या मुलीचं नाव माझ्या आधी आहे.

यातूनच एक वाद निघतो, आणि तो आमच्या क्षेत्रात जोरात चालू आहे. ‘नेहमीचं’ तापमान कुठल्या तीस वर्षांचं धरायचं? १९८२पासूनची धरली तर लाटा वाढतच जातात. शेवटी जवळपास सगळं वर्षच लाट होऊन बसेल, मग शब्दाला अर्थ काय, असं एक बाजू म्हणते. मग तीस वर्षांची चौकट पुढे सरकवत न्या, म्हणजे खरा अचानक धक्का तेवढा उठून दिसेल. मला त्यात तथ्य दिसतं. पण माझा कल जुन्या चौकटीकडे आहे. प्रवाळ दर दहा वर्षांनी नवी सरासरी काढत नाही. त्याला एका ठराविक तापमानानंतर आपल्या पोटातलं शेवाळ सोडून द्यावं लागतं आणि तो पांढरा पडतो. मे २०२०च्या लाटेनंतर मन्नारच्या आखातातले सुमारे ८५ टक्के प्रवाळ असे पांढरे पडले होते. सरासरी वर सरकवणं म्हणजे माझाच तीन विचलनांचा नियम, फक्त सभ्य कपड्यांत.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात ६६ आणि बंगालच्या उपसागरात ९४ लाटा मोजल्या आहेत, आणि त्या लाटांच्या वेळी मध्य भारतात पाऊस घटतो, दक्षिणेकडे वाढतो असं दाखवलं आहे. सोलापूरकर म्हणून मी तो नकाशा जरा जास्तच वेळ बघत बसते.

समुद्रावर मी एकदाच गेले, गोव्याच्या मुरगाव बंदरातून, संशोधन जहाजावर. पहिले तीन दिवस बाथरूमजवळ काढले. चौथ्या रात्री दोन वाजता खोलातलं पाणी भरून आणणारं बाटल्यांचं चक्र हजार मीटरवरून वर आलं. मी एका बाटलीची तोटी उघडून पाणी हातावर घेतलं: फ्रिजमधल्यासारखं गार. वर डेकवर घाम येत होता, आणि हजार मीटर खालचं पाणी बोटं बधिर करत होतं. तोपर्यंत मी केवळ सायीवर जगत होते, हे त्या रात्री कळलं.

गेल्या वर्षी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला मच्छीमारांसमोर बोलायला बोलावलं होतं. मी नकाशे दाखवले, लाल रंग दाखवला. एक वयस्क तांडेल पुढेच बसले होते. म्हणाले, “मॅडम, वरचं पाणी तापलंय ते आमच्या हाताला कळतंय. वीस वावांवर काय आहे ते सांगा. जाळं तिथं जातं.”

मला सांगता आलं नाही. जगभरात चारेक हजार आर्गो तरंगक समुद्रात खालीवर करत असतात. दहा दिवसांतून एकदा दोन हजार मीटर खाली जाऊन वर येताना मोजत येतात, आणि एरवी हजार मीटरवर विश्रांती घेतात. कोकणासमोरचा उथळ समुद्राचा पट्टा फार रुंद आहे. तिथे हजार मीटर पाणीच नाही, त्यामुळे ते तरंगक तिकडे येत नाहीत. उपग्रह साय बघतो, आर्गो खोल बघतो, आणि ज्या पाण्यावर रत्नागिरीचं बंदर चालतं त्याचा मधला थर मोजणारं फारसं काही नाही. पावसाळा संपताना तर आमच्या पश्चिम किनाऱ्यावर वर गोडसर गरम पाण्याचा पातळ थर असतो आणि त्याखाली खोलातून वर चढलेलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी. नकाशावर लाल, जाळ्यापाशी गार. तांडेल विचारत होते ते नेमकं हेच.

परत आल्यावर आम्ही अंगठ्याएवढे, दाब आणि तापमान दोन्ही नोंदणारे सहा तापमापक घेतले. जून-जुलैची मासेमारीबंदी उठल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर, ते तीन होड्यांच्या जाळ्यांना बांधले. दोन पहिल्याच आठवड्यात हरवले, एक कुणाच्या तरी मुलाने उघडून पाहिला. तीन चालू आहेत. त्यांचे आकडे दर पंधरा दिवसांनी येतात. नांदेडची ती मुलगी, आता डॉक्टर झालेली, ते तपासते. काढलेल्या प्रत्येक आकड्यासाठी एक ओळ लिहायची, अशी चौथी वही तिने सुरू केली आहे. पहिल्या पानावर आतापर्यंत अकरा ओळी झाल्या आहेत.